आप्पा पाष्ट्यांची भरवशाची रायफल

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बंदूक जमा करायला बसलेल्या माणसाइतका निरुपद्रवी प्राणी जगात दुसरा नसेल. निवडणूक जाहीर झाली की परवानावाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात नेऊन द्यायची, असा नियम आहे. मतदान निर्भयपणे व्हावं म्हणून. आता रावजी गोताडच्या ठासणीच्या बंदुकीला या तालुक्यात भितं कोण, हा प्रश्न खुद्द रावजीनेच हवालदाराला विचारून झाला होता. त्या बंदुकीने आजवर जायबंदी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे रावजीची उजवी भुवई, आणि तिला मताचा अधिकार नाही.

बरं, निवडणुका तरी एक का दोन! लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग नगरपरिषदेची, तिच्या पाठोपाठ जिल्हा परिषदेची. लांज्याच्या आतल्या बाजूला असलेल्या त्या वाडीत त्यामुळे कायमची वाटणी होऊन गेली होती. बंदुका ठाण्याच्या कोठीत आणि डुकरं मळ्यात. डुकरांना आचारसंहिता नसते.

त्या दिवशी बाकावर तिघे होते. पोफळीच्या वीजगृहात यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले आप्पा पाष्टे, मांडीवर बोल्टची रायफल घेऊन. त्यांच्या शेजारी रावजी, ठासणीची बंदूक काठीसारखी टेकवून. आणि पलीकडे यासीन मुकादम, सारी उमर बोटीवर काढून आता काजूची बाग बघणारे, दुनळी घेऊन. मुकादमांना डुकराच्या मटणाशी काही कर्तव्य नव्हतं, त्यांना फक्त ते बागेतून बाहेर हवं होतं. त्यामुळे शिकारीत वाटा कुणाला किती यावरून भांडण लागलं की पंच म्हणून वाडी त्यांनाच बसवायची. ज्याला खायचं नाही त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडत नाही.

वाद नेहमीचाच होता, कोणती बंदूक भरवशाची. रावजीचं म्हणणं, ठासणीला दारू आपण भरवतो, छर्रे आपण भरवतो, आपल्या हातचं खाल्लेलं जनावर दगा देत नाही. मुकादमांचं म्हणणं, एक नळी फसली तर दुसरी असते, दर्यावर माणूस एका इंजिनाच्या जिवावर जात नाही. यावर आप्पा जरा हसायचे. शिकलेला माणूस अडाण्यांच्या वादात हसतो, तसं. मग ते बोल्ट मागे ओढायचे, पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "हाताने ओढा, हाताने ढकला. मध्ये कुणाची भानगड नाही. यंत्र कधी दगा देत नाही रावजी, माणूस देतो."

"ता खरां," रावजी म्हणाला. "पण तुझं ओढून ढकलून होईपरेंत डुक्कर तालुका बदलून जातंय."

हवालदार पावत्या फाडता फाडता ऐकत होता. त्याने सहज विचारलं, की तुम्हा तिघांपैकी कुणी आजवर काही मारलंय का? तिघेही समोरच्या फणसाकडे बघू लागले. एकदा रावजीने भेकर समजून स्वतःच्याच वासरावर बार काढला होता. वासरू वाचलं. गळ्यातल्या घंटेला मात्र भोक पडलं, आणि ती घंटा आजही त्याच्या ओटीवर टांगलेली आहे. पण हे काही ठाण्यात सांगण्यासारखं नव्हतं.

आप्पांना हा वाद गमतीचा वाटत नव्हता, याला कारण होतं. त्यांचा मुलगा शुभंकर लोट्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, खेडला फ्लॅट घेऊन राहायचा. गणपतीत आला तेव्हा त्याने सरळ विषय काढला. मळ्याला गिऱ्हाईक आहे, मुंबईचा माणूस आहे, त्याला पऱ्याकाठी, वाहत्या ओढ्यालगत बंगला बांधायचाय. तुम्ही दोघं खेडला चला. इथे पेरायचं तुम्ही आणि खायचं डुकरांनी, हे किती वर्षं चालणार? तो वाईट बोलला नाही, आणि तेच आप्पांना लागलं. भांडला असता तर भांडून उत्तर देता आलं असतं. शुभंकरची आई, दमयंतीबाई, पानावर वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. शेवटी आप्पा म्हणाले, "हा एक हंगाम. मळ्यात रताळी लावतो. राखून दाखवली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही राखली, तर म्हणशील त्या दिवशी सही करतो."

रताळीच का, असं कुणी विचारलं नाही, पण डुकरांच्या तोंडचं पीक लावण्यात आप्पांचा मानी स्वभाव होता. नाचणी राखून काय सिद्ध होणार?

वेल मळाभर पसरले आणि वाडीने सल्ले द्यायला सुरुवात केली. मळ्याच्या दगडी गडग्यावर जुन्या साड्या टांगा, डुकरं रंगाला बुजतात. आप्पांनी दमयंतीबाईंच्या साड्या टांगल्या. डुकरं बुजली नाहीत, दमयंतीबाई मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत, कारण त्यांत त्यांच्या माहेरची एक होती. मग कुणी म्हणालं, न्हाव्याकडचे केस पसरा, माणसाचा वास येतो. आप्पा लांज्याहून पोतं भरून केस घेऊन एसटीने आले, आणि कंडक्टरने सगळ्या गाडीदेखत पोत्यात काय आहे ते विचारलं. फिनेल झालं, फटाके झाले. मोबाईलवर वाघाची डरकाळी लावून झाली, ती ऐकून गावातली कुत्री तेवढी घाबरली. बांधाकडच्या वेलांचा एक तुकडा गेला. मधला मळा अजून शाबूत होता, आणि रताळी जमिनीत फुगत होती.

डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आप्पांनी अर्ज केला. भातकापणीच्या वेळी केलेल्या त्यांच्या आधीच्या अर्जाची तिथे आठवण निघाली. त्या खेपेला पंचनाम्याला माणूस आला तोपर्यंत डुकरांनी सगळं भात साफ केलं होतं, त्यामुळे "नुकसान झालेले पीक जागेवर आढळून आले नाही" असा शेरा पडला होता. या वेळी साहेबांनी नुकसान करणाऱ्या डुकराचा फोटो मागितला. आप्पा म्हणाले, ते काळोखात येतं. साहेब म्हणाले, मग फ्लॅश वापरा. हे सगळं ते चेष्टेने बोलत नव्हते, हे आप्पांना घरी आल्यावर लक्षात आलं आणि जेवण गेलं नाही. अखेर परवानगी मिळाली ती दोन अटींवर. दिलेल्या मुदतीतच मारायचं, आणि मारलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं, खायचं नाही. ही दुसरी अट ऐकून रावजी इतका खवळला की आपण आजवर काही मारलेलं नाही हेही तो विसरला. ज्याचा पहिला बार लागतो त्याला डोक्याचा मान, हा गावचा रिवाज. आता काय सरकारला मुंडकं पोचवायचं? मुंडकं कुणाचं यावरून मग त्या तिघांचं पुन्हा एकदा सविस्तर भांडण झालं.

देवाला काळजी म्हणायची, की एक निवडणूक संपून दुसरी जाहीर व्हायच्या मधल्या फटीत बंदुका परत मिळाल्या. परवानगीची मुदतही त्याच फटीत बसत होती. पण कोठीतल्या दमटपणाने आप्पांच्या रायफलीचा बोल्ट धरला होता. ओढला तर ओढायचा नाही, ओढला गेला तर पुढे जायचा नाही. रावजी आपल्या ठासणीवरून मायेने हात फिरवत राहिला.

बंदुकीचं खास तेल लांज्यात मिळेना. दुकानदाराने शिलाई मशीनचं पुढे केलं. मुकादम म्हणाले, तेच घ्या, बोटीवर आम्ही सगळ्याला तेच वापरायचो. आता बोटीवरच्या माणसाने पोफळीच्या माणसाला वंगण शिकवायचं, हे आप्पांना मानवलं नाही. ते तसेच घरी आले. घरी दमयंतीबाईंचा वेगळाच मुद्दा होता. दसऱ्याला ही रायफल ठाण्यात होती, तिची पूजा झाली नाही, ती रुसणार नाही तर काय होणार? आधी पूजा करा, मग तिला हात लावा. आणि वर म्हणाल्या की घरच्या नारळाचं तेल असताना बाजाराचं कशाला, नुकतंच घाण्यावरून आणलंय.

आप्पांनी दोन्ही ऐकलं. पोफळीला त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, वंगण कमी पडून यंत्र बिघडतं, जास्त पडून कुणाचं काही वाईट झालेलं नाही. त्यांनी बोल्ट बाहेर काढला, पुसला, स्प्रिंगेपासून गोळीवर आपटणाऱ्या टोच्यापर्यंत खोबरेलात न्हाऊ घातला आणि परत बसवला. भर दुपारी अंगणात तो असा चालायला लागला की बघत राहावं. खट मागे, खट पुढे. आप्पांनी वाडीतल्या प्रत्येकाला तो ओढायला दिला. रावजीनेही ओढला आणि "हां, आता बरा हाय" असं अगदी कष्टाने म्हणाला. आप्पांना त्या दुपारी झोप लागली ती गणपतीनंतर पहिल्यांदाच.

संध्याकाळी पूजा झाली. पाटावर रायफल, तिला हळदकुंकू, जास्वंद आणि नारळ. गाऱ्हाणं घालायचा मान रावजीच्या घराण्याचा, त्याला टाळता येईना. रावजीने हात जोडले, डोळे मिटले आणि मोका साधला.

"देवा म्हाराजा, आप्पा पाष्ट्यानं ही बंदूक तुझ्या पायाशी ठेवलेली हाय. तिला ओढाय-ढकलाय लागतं, ती तिची खोड पदरात घे. आणि येळंला ती नाय वाजली, तर आजूबाजूला ज्या जुन्याजाणत्या बंदुका हायत, त्यांना यश दे रं म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला जमलेल्या सगळ्यांनी साथ द्यायची असते. तिथे गप्प राहणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आप्पांनाही म्हणावं लागलं.

मग मुकादमांनी पंच म्हणून निकाल दिला. वाद एकदाचा मिटावा म्हणून उद्या पहाटे तिघांनी मळ्याच्या मचाणावर बसायचं. पहिला बार आप्पांचा. आप्पांची बंदूक फसली तर रावजीचा. दोघांचंही फसलं तर मुकादमांचा. मध्येच कुणी घाई करायची नाही. तिघांनी नारळावर हात ठेवून कबूल केलं.

शुभंकर त्याच रात्री खेडहून आला होता. त्याने मळ्याचा विषय काढला नाही. पण मुंबईचा माणूस रविवारी यायचाय, हे त्याने आईला सांगितलं, आणि आईने ते आप्पांना सांगावं अशी त्याची अपेक्षा होती. तिने सांगितलं. थंडी वाढत होती. निजायच्या आधी दमयंतीबाईंनी नेहमीसारखी तेलाची बाटली फडताळातून काढून चुलीच्या उबेला ठेवली, नाहीतर सकाळी डोक्याला लावायला ते खरवडून काढावं लागलं असतं. आप्पांनी ती बाटली ठेवताना पाहिली. रायफल ओटीवर खुंटीला होती.

पहाटे मचाणावर बोटं वाकत नव्हती. खाली मळ्यावर धुकं होतं, पऱ्याच्या बाजूने हळूहळू उजाडत होतं. शुभंकर गडग्याशी शाल गुंडाळून उभा होता. आणि मग ती आली. पुढे एक दांडगा नर, मागे माद्या, त्यांच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. पंगतीला बसल्यासारखी त्यांनी बांधापासून सुरुवात केली. नर एवढ्या जवळ होता की त्याचा श्वास ऐकू येत होता. आप्पांनी घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. बोल्ट जरा जड गेला, पण गेला. नेम धरला. चाप ओढला.

टिच.

एवढाच आवाज झाला, कुणी दातावर नख मारावं तसा. नराने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीत तोंड घातलं. आप्पांनी बोल्ट जोर लावून ओढला, न उडालेली गोळी खाली रताळ्यांत पडली, दुसरी आत गेली. पुन्हा टिच. तिसरीचंही तेच. आता पिल्लंही त्या आवाजाला सरावली.

"रावजी," मुकादम हळूच म्हणाले, "तुमची पाळी."

रावजीने बंदूक उचलली नाही. तो आप्पांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर सगळ्या ठाण्याच्या बाकांवरची, सगळ्या निवडणुकांची साठलेली मजा होती.

"मारतो," तो म्हणाला. "पण आधी म्हण. फसली म्हण. आप्पाची बंदूक फसली तर रावजीचा, असं ठरलंय. तू तर अजून ओढतंस."

आप्पा ओढतच होते. मुकादमांनी दुनळी मांडीवर आडवी ठेवली होती. पंचाने निकालाआधी हत्यार उचलायचं नाही, यावर ते ठाम होते. नारळावर हात ठेवलाय, असं ते दोनदा म्हणाले. खाली मधला मळा उलटा होत होता. ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या वेलांचा वास वर मचाणापर्यंत आला. दातांखाली रताळी मोडताना स्पष्ट ऐकू येत होती.

"एक शबूद म्हण," रावजी म्हणाला. आता तो हसत नव्हता, त्यालाही खालचं दिसत होतं. "आप्पा, म्हण रं. मी मारतो."

एक शब्द. आप्पांच्या घशापर्यंत तो आलाही होता. पण गडग्याशी पोरगा उभा होता, आणि साऱ्या आयुष्यात यंत्राने आपल्याला दगा दिला असं आप्पांनी कुणापुढे म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "थांब. आता वाजेल." आणि चाप ओढला.

टिच.

शेवटी मुकादमांनाच राहवलं नाही. पंचपद सोडून त्यांनी दुनळी आभाळाकडे केली. एक नळी फसली, दुसरी वाजली. डुकरं पऱ्याकडे पळाली, पण तोवर मळ्यात पळून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या सकाळी ज्याचं म्हणणं खरं ठरलं असा मुकादम हा एकटाच माणूस होता, आणि तेही मान खाली घालून घरी गेले. रावजीने मग आपली ठासणी झाडून बघितली. दारू दवाने भिजून तिचा चिखल झाला होता. म्हणजे आप्पांनी तो शब्द म्हटला असता तरी उपयोग नव्हता. पण ते रावजीने कुणाला दाखवलं नाही, आणि आप्पांना कळलं नाही.

शुभंकर हसला असता तर बरं झालं असतं. तो मुकाट्याने मळ्यात उतरला, चिखलातून एकेक गोळी वेचली, शालीला पुसली आणि बापाच्या हातात दिली. म्हणाला, "बाबा, ह्या परत जमा करायच्या असतील ना?" आप्पांनी मान हलवली. त्यांना त्या क्षणी पोराचा फार राग आला, आणि रागावण्यासारखं त्याने काहीच केलेलं नव्हतं.

ऊन अंगणात आलं तेव्हा रायफल तुळशीच्या कट्ट्याला टेकवलेली होती. आप्पा चहाचा कप घेऊन नुसते बसले होते. बोल्टच्या फटीतून एक थेंब ओघळला, मग दुसरा. आप्पांनी बोट लावून वास घेतला. आतून दमयंतीबाई केस विंचरत बाहेर आल्या, हातात तीच बाटली, आतलं तेल पाण्यासारखं पातळ. आप्पांनी बाटलीकडे पाहिलं, रायफलीकडे पाहिलं. कोकणात जन्मलेल्या, घरच्या नारळाचं तेल रोज डोक्याला लावणाऱ्या, जन्मभर वंगणाचं काम केलेल्या माणसाला जे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते आत्ता कळलं. त्यांनी बोल्ट ओढला. खट मागे, खट पुढे. लोण्यातून जावा तसा. त्यांनी तो पुन्हा ओढला नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दमयंतीबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दोष स्वतःकडे घेतला असता, आणि रावजीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी मुंबईचा माणूस आला, सह्यांचं ठरलं, पुढच्या आठवड्यात झाल्या. पुढची निवडणूक जाहीर झालीच होती. आप्पांनी रायफल ठाण्यात दिली आणि परवाना नको म्हणून लिहून दिलं. हवालदाराने कारण विचारलं. आप्पा म्हणाले, आता शेती नाही. कारणाच्या जागी तेवढंच लिहिलं गेलं, आणि ते खरंही होतं.

खेडच्या फ्लॅटमध्ये तसं काही कमी नाही. सून शब्दाबाहेर नाही, पाणी येतं, खालून लोट्याच्या कंपन्यांच्या बसेस जातात. दमयंतीबाईंना शेजारणी मिळाल्या. उपासाला बाजारातून रताळी आणायचं काम आप्पांकडे असतं. ते एकेक रताळं हातात घेऊन इतका वेळ बघतात की विकणारी बाई वैतागते. घाटावरची असतात. चव नसते त्यांना, असं आप्पा दर खेपेला म्हणतात आणि खातात.

थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी रावजीचा फोन आला. सानिकाच्या, म्हणजे त्याच्या नातीच्या मोबाईलवरून. आधी त्याने हवापाणी विचारलं. मग सांगितलं, की त्या मुंबईवाल्याने मळ्याला तारेचं कुंपण घातलंय, त्यामुळे डुकरं आता सगळी रावजीच्या कुळथात उतरतात. बंदुका ठाण्यातच आहेत. मुकादमांची तब्येत बरी नसते, बाकावर आता एकटंच बसावं लागतं. वाद घालायला कुणी नाही. मग म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी मी मारायला हवं होतं रं. तुझ्याकडनं उगाच वदवून घेत बसलो. माझी दारू पण भिजलीच होती म्हणा."

आप्पा गॅलरीत उभे होते. खालून पहिल्या पाळीची बस गेली, तिच्यात शुभंकर होता. त्यांनी ती वळेपर्यंत पाहिली.

"रावजी," ते म्हणाले, "थंडी हाय काय अजून तिकडं?"

"हाय. सकाळची लई."

"मग खोबरेल थिजत असंल."

रावजी अडाणी खरा, पण कोकणातलाच होता. त्याच्याही घरी बाटली चुलीपाशीच ठेवतात. त्याला दुपारी अंगणात चालणारा तो बोल्ट आठवला असणार, आणि पहाटेचं धुकं. आता तो हसेल, म्हणून आप्पांनी फोन कानापासून जरा दूर धरला.

रावजी हसला नाही. देवापुढे म्हणतात तशा हलक्या आवाजात तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."